वीतभरावरून पाहिलेलं फूल

मी एक जुनी काच आहे. आरशाची नव्हे, चष्म्याची. आणि मित्रांनो, आधीच सांगते, मला नसत्या चौकशा फार! कुंडल गावच्या आप्पासोंच्या नाकावर बसून मी गावातल्या किती घरांची पत्रं वाचली. कोणाची सून रुसली, कोणाची गाय व्याली, सगळं मला ठाऊक. पण एके दिवशी आप्पासो चष्म्यावरच बसले. माझी जुळी बहीण फुटली आणि मी कोनाड्यात धूळ खात पडले.

१९४६ साली त्यांचा मुलगा मानसिंग पलटणीतून घरी आला. त्याच्याजवळ डब्यासारखा एक कॅमेरा होता. त्यात माणसं छान येत, पण फूल जवळ धरलं की नुसता धुरळा. मानसिंगनं मला मेणानं कॅमेऱ्याच्या तोंडाशी चिकटवलं आणि खाली वीतभर दोरी बांधली. दोरीच्या टोकाला फूल टेकलं की ते स्पष्ट दिसे. अगं बाई, काय ती मौज! सुरवंटाच्या अंगावरचे केस मी मोजायलाच बसले.

परसात मानसिंगच्या बायकोचा, बयाबाईचा, लाल भोपळ्याचा वेल होता. तिची आई म्हसवडला वारली, तेव्हा उशाखालच्या पुरचुंडीत चार बिया सापडल्या. तीन उगवल्याच नाहीत. चौथीचा हा वेल. त्याला फुलं खूप येत, पण फुलाखालचा इवलासा भोपळा पिवळा पडून गळून जाई. किडे खातात म्हणून बयाबाई रोज सकाळी फुलाफुलांत चुलीतली राख टाकी.

"पोरी, नुस्ती फुलं घिऊन काय करायचं? उपट त्यो येल," आप्पासो म्हणाले.

"मामंजी, आईच्या हातचं हे शेवटचं बी हाय. ह्यो गेला तर म्हायेराचं माज्यापाशी काय ऱ्हायलं?"

माझा जीव गलबलला. मानसिंग मात्र कॅमेरा घेऊन वेलाखाली आडवा झाला.

"आवं, किडं मारायचं सोडून त्येंचं फोटू काढताय व्हय?" बयाबाई चिडली.

"बगू तर खरं, काय खात्यात!"

सांगलीहून फोटो धुऊन आले. दोनच नीट आले होते. एक फूल कुंपणापलीकडचं, राखेतून सुटलेलं. त्यातली मधमाशी पिठात लोळल्यासारखी माखली होती. दुसऱ्या फुलात राखेचा थर होता आणि त्यात एक माशी रुतून मेली होती. मानसिंग कितीतरी वेळ दोन्ही फोटो पाहत राहिला.

"अगं, ह्या माश्या खात न्हाईत. ह्या फुलातली भुकटी त्या फुलात नेत्यात, तवा भोपळा धरतो. शाळंत शिकलेलं आत्ता ध्येनात आलं. राख पानांवर टाक, फुलांत नगं."

"म्हंजी माज्याच हातानं मी..." बयाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी रिकाम्या हातानं वेलापाशी बसू लागली. माशी आली की हलायचीसुद्धा नाही. आठ दिवस गेले. एक भोपळा मात्र गळला नाही. तो हिरवाच राहिला, वाढला! मला तर कोणाला सांगू आणि कोणाला नको असं झालं.

पुढं कॅमेरा बिघडला आणि मी बयाबाईच्या बियांच्या डब्यात आले. तिनं त्या भोपळ्याच्या काही बिया म्हसवडला भावाकडं धाडल्या. तिथं आईमागं तो वेल कोणी लावलाच नव्हता.

मित्रांनो, कोणावर राख टाकायच्या आधी वीतभर जवळ जाऊन त्याला नीट बघा. एवढंच या म्हातारीचं मागणं.

वर्षभरानं भावाचं पत्र आलं. आप्पासोंना नवा चष्मा सापडेना, म्हणून त्यांनी डब्यातून मलाच काढलं. मी वाचलं: "आक्का, आईचा भोपळा दारात धरला."

"मामंजी, पुन्यांदा वाचा की," बयाबाई म्हणाली.

आम्ही पुन्हा वाचलं.