फाटकातून पाहिलेलं गवत

दर सोमवारी टेकडीवर चढायचं, गवत किती टक्के वाळलंय ते पाहायचं आणि वणवा-कार्यालयाला फोन करायचा, हे काम ग्लेनिस बावीस वर्षं फुकट करत होती. व्हिक्टोरिया राज्यातल्या त्या गावात तिच्या शब्दाला वजन होतं. तिचा आकडा, ऊन आणि वारा यांवरून दिवसाचा धोका ठरे आणि हमरस्त्यावरच्या पाटीचा काटा फिरे. काटा नारिंगीवर गेला की टेकडीवरची माणसं कुत्र्या-मांजरांसकट गाडीत बसून शहर गाठत.

त्या सोमवारी गुडघा ठणकत होता. चढणं जिवावर आलं. तिने ओढ्याकाठच्या फाटकातूनच नजर टाकली. ओढ्याकाठचं गवत उशिरापर्यंत हिरवं राहतं, हे तिला ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. मागच्या खेपेला साठ होतं, म्हणजे आता सत्तर. दिलं ठोकून.

गुरुवारी सकाळी काटा नारिंगीच्या एक घर खाली, पिवळ्यावर होता. टेकडीच्या माथ्यावर एकटा राहणारा म्हातारा क्लेम पाटीपाशी गाडी थांबवून उभा होता.

"काय गं ग्लेनिस, जाऊ का पोरीकडे? वाऱ्याचं लक्षण बरं दिसत नाही."

"मला काय विचारतोस? पिवळा दिसतोय ना?"

"महिन्यात दोनदा पळालो तुमच्या नारिंगीपायी. जावयाच्या हातचं ते बेचव सूप! आज घरीच बसतो."

"बस की. तेवढीच त्या बिचाऱ्याला सुट्टी."

दोघंही हसली.

दुपारी तीनला टेकडीच्या पलीकडून वणवा आला. माथ्यावरचं गवत केव्हाच खडखडीत वाळलं होतं. आग चढ चढून गेली ती माणूस धावेल त्याच्याहून वेगाने. क्लेम पाण्याच्या टाकीशी सापडला, हातात नळी तशीच.

दफनानंतर गावच्या हॉलमध्ये चहा होता. क्लेमची मुलगी टेगन ग्लेनिसजवळ येऊन बसली. तिने ग्लेनिसचा हात हातात घेतला.

"त्या दुपारी मी बाबांना फोनवर म्हटलं होतं, निघा. म्हणाले, 'ग्लेनिस स्वतः वर येऊन गवत बघते, भिऊ नकोस.' तुमच्यामुळे निदान शेवटपर्यंत ते निर्धास्त तरी होते."

गप्प बसावं, असं ग्लेनिसला फार वाटलं. कोणाला कळणार होतं? पण तो ऊबदार हात तिला सोसवेना.

"मी वर गेलेच नव्हते, पोरी. फाटकातूनच बघितलं."

टेगनला आधी समजलंच नाही. मग समजलं. तिने हात काढून घेतला आणि कोणाला आणखी चहा हवाय का, ते विचारत दुसऱ्या टेबलाकडे गेली.