मोराच्या डोळ्यामागचा पाइप

मी कोलार रोडवरच्या एका भिंतीतला दोन इंची पाइप बोलतोय. टेकडी कापून वसाहत झाली, तेव्हा उघडा पडलेला उतार धरून ठेवायला ही भिंत बांधली. मातीत मुरलेलं पाणी बाहेर काढायला तिच्यात आम्ही बारा जण होतो.

ज्या लांब नळीतून मला कापलं, तिचाच दुसरा तुकडा बागेतल्या कारंज्याला गेला. त्याच्यासमोर वाढदिवसाचे फोटो निघत. माझ्यातून गढूळ पाणी ठिबके, मिनिटाला सतरा थेंब. पावसात मोजता येत नसत. ते कोण मोजणार? मी त्या कारंज्यातल्या तुकड्यावर जळत राहायचो.

एका हिवाळ्यात भिंतीवर मोर रंगवला. सोसायटीच्या सचिव अपर्णाताई म्हणाल्या, "दत्तात्रयजी, मोरावर चहा सांडल्यासारखं दिसतंय. हे पाइप बंद करवून टाकू ना."

भिंतीलगतच्या घरातले दत्तात्रय निवृत्त फिटर. त्यांनी विचारलं, "मग पाणी जाईल कुठे?"

"जाईल हो कुठेतरी. तुम्ही फार टेन्शन घेता."

बाराही तोंडं सिमेंटने बुजवली. माझ्या तोंडावर मोराचा डोळा काढला. लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढू लागले. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

ऑगस्टमध्ये चार दिवस पाऊस लागून राहिला. मागची माती पाणी पिऊन जड झाली, मुरूम सुटा झाला आणि सगळा रेटा भिंतीवर आला. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण माझं तोंड बंद होतं.

पाचव्या दिवशी सकाळी उघडीप मिळाली. दत्तात्रयांच्या पत्नी नलिनीताई कपडे वाळत घालायला अंगणात आल्या. "अहो, तार परत सैल पडली. काल काय बांधलीत?"

"घट्टच बांधली होती."

तारेचं एक टोक घराला, दुसरं माझ्याजवळच्या हुकाला. दत्तात्रयांनी टेप लावून अंतर मोजलं. थोड्या वेळाने पुन्हा मोजलं, तर बोटभर कमी भरलं.

"नलू, गॅस बंद कर आणि बाहेर चल."

"डाळ शिजतेय."

"राहू दे डाळ. भिंत आपल्याकडे सरकतेय."

ती दोघं रस्त्यावर पोचली आणि भिंत आडवी झाली. मागचा उतार चिखल होऊन स्वयंपाकघरात शिरला, ओट्याच्या वरपर्यंत.

आता नवी भिंत आहे. तिच्यात चाळीस पाइप आहेत. रोज सकाळी नलिनीताई काडीने एकेकाचं तोंड मोकळं करतात आणि विचारतात, "वाहतोयस ना रे?" मी राडारोड्यात पडून ऐकतो. त्या चाळीसांचा मला फार हेवा वाटतो.

तुमच्या भिंतीतून गढूळ पाणी ठिबकत असेल, तर ठिबकू द्या. डाग पडू द्या.