मोज्यात राहिलेले टोक

मित्रांनो, मी एक जुनी क्रोशाची सुई आहे. लोक मला सुई म्हणतात खरे, पण मला ते कधीच फारसे आवडले नाही. सुईला अणकुचीदार टोक असते आणि दोरा ओवायला नेढे असते. माझ्याकडे दोन्ही नाहीत. माझ्या तोंडाशी फक्त एक छोटासा आकडा आहे. त्या आकड्याने मी लोकर पकडते, टाक्यातून ओढून घेते आणि पुढचा टाका घालते. एके काळी मला या कामाचा भारी तोरा होता. आता माझा रंग उडाला आहे आणि मी मधोमध वाकले आहे. ते कसे झाले ते सांगते. गोष्ट हसण्यासारखी नाही, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

माझा जन्म पत्र्याच्या छपराखालच्या एका कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमची कांब कापली, तोंडाशी खाच पाडली, घासून गुळगुळीत केली आणि वर निळा रंग चढवला, की झाली आमची जात तयार. तिथे एक बाई आम्हाला तपासायला बसायची. ती प्रत्येकीची खाच स्वतःच्या गालावरून फिरवून पाहायची. गालाला खरचटले नाही तर लोकरीलाही खरचटणार नाही, असा तिचा साधा हिशेब होता. माझ्याबरोबरच्या बऱ्याच जणी भंगारात गेल्या. मी पास झाले आणि तेव्हापासूनच माझे नाक वर झाले.

बटणे, लेस आणि दोऱ्याची रिळे विकणाऱ्या एका दुकानातून दोन बहिणींनी मला घरी आणले. थोरलीचा नवरा लवकर वारला होता आणि तिला एक मुलगा होता. धाकटीने लग्नच केले नव्हते. तिघे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायचे. खिडकीजवळ एक लांब बाक होता. त्याच्या उजेडाकडच्या टोकाला थोरली बसायची आणि तिच्या डाव्या हाताला धाकटी.

त्या बाकावर आम्ही काय काय केले म्हणून सांगू! घरात घालायच्या लोकरीच्या सपाता केल्या. त्या अगदी सोप्या असतात. एक सरळ पट्टी विणायची, टाचेकडे दुमडून जोडायची आणि बोटांकडे चुण्या घालून ओढून घ्यायची. सणासुदीला लाल टोप्या केल्या. त्या शेंड्यापासून गोल गोल वाढवत न्यायच्या आणि वर पांढरा गोंडा लावायचा. बाळांचे मोजे तर थोरली गप्पा मारता मारता करायची. तिचा हात असा चालायचा की मला श्वास घ्यायला फुरसत नसायची.

पण दोघींची कामाची एक रीत होती आणि ती नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यामुळे घडले. विणकाम संपले किंवा रंग बदलला की लोकर कापावी लागते, आणि तिथे बोटभर टोक लोंबत राहते. ते जाड सुईत ओवून टाक्यांच्या आतून पुढे-मागे फिरवून लपवायचे असते. गाठ मारून भागत नाही, गाठ पायाला टोचते. हे टोके लपवण्याचे काम थोरलीने जन्मात केले नाही. शेवटचा टाका घातला की ती लोकर कापायची, वस्तू न बघताच डावीकडे धाकटीच्या मांडीवर टाकायची आणि पुढची सुरू करायची. धाकटी मग ती उलटी करायची, सगळी टोके लपवायची आणि आत बोट घालून कोपरान् कोपरा चाचपायची.

घरी येणारे लोक थोरलीचे तोंडभर कौतुक करायचे. धाकटीला कोणी विचारायचे नाही. मीसुद्धा तिच्या त्या जाड्या सुईकडे पाहून नाक मुरडायचे. मी घर बांधते आणि ही बया मागून केर काढते, असे मला वाटायचे.

एका हिवाळ्यात धाकटीच्या छातीत कफ भरला आणि आठवड्याभरात ती गेली. थोरली तिसऱ्या दिवशी बाकावर येऊन बसली. तिने एक सपात पूर्ण केली, लोकर कापली आणि सपात डावीकडे टाकली. ती रिकाम्या बाकावर पडली. थोरली कितीतरी वेळ तिकडे पाहत राहिली. मला त्या दिवशी फार वाईट वाटले. पण सवय काही सुटली नाही. पुढेही ती वस्तू तशाच डावीकडे टाकत राहिली आणि संध्याकाळी गोळा करून पिशवीत भरत राहिली.

टोके लपवायला तिने सुरुवातीला घेतली होती. पण तोवर तिच्या डोळ्यांवर सायीसारखे काहीतरी आले होते आणि सुईचे नेढे तिला सापडेना. माझ्यासाठी तिला डोळे लागत नव्हते, ती मला बोटांनीच चालवायची. सुईचे तसे नव्हते. दोनचार वेळा लोकर नेढ्याच्या बाजूने गेली आणि तिने सुई डब्यात टाकून झाकण लावले. त्यानंतर ती माझ्याच आकड्याने टोक एकदोन टाक्यांत खुपसून मोकळी व्हायची. असे खुपसलेले टोक चार दिवसांत बाहेर येते. ज्या दुकानात हा माल विकायला जायचा तिथून तो परत येऊ लागला. दुकानदार नखरे करतो, असे ती मुलाला सांगायची. डोळ्यांचे तिने कोणालाही सांगितले नाही.

मुलाचे लग्न झाले आणि सूनबाई घरात आली. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. भिंतीवरची अक्षरे वाचताना कोण अडखळते, कोण अंदाजाने ठोकून देते, हे तिला दिवसभर पाहावे लागे. सासूचे पाणी ग्लासाच्या बाहेर सांडते आणि लोकरीचा लाल गुंडा मागितला तर ती तपकिरी देते, हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. एकदा भीत भीत ती म्हणाली, "आई, एकदा दुकानात या ना माझ्याबरोबर. डोळे तपासून घेऊ."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीये?" थोरली म्हणाली. "विणतेय ना मी अजून?"

"तसं नाही, पण एकदा बघायला काय हरकत आहे?"

"चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली म्हणून घरादाराला चष्मे लावायला निघालीस का गं?"

मुलगा हसला. सूनबाईही कसनुशी हसली. ती घरात नवी होती. तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

सूनबाईचे पहिले बाळ पोटातच गेले. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली, हातापायांनी धडधाकट. घराला किती आनंद झाला म्हणून सांगू! थोरलीने ठेवणीतली लोकर काढली, सायीच्या रंगाची, मऊ आणि केसाळ. तिने नातीसाठी मोजे विणले. घोट्याशी बांधायला नाडी केली, म्हणजे पाय झाडले तरी मोजे निघायला नकोत. डाव्या मोज्याचे बोटांकडचे टोक तिने माझ्या आकड्याने आत खुपसले. ते नीट बसले नाही, हे मला कळत होते. पण मला तोंड असून वाचा नाही.

थोरलीने मोजे सुनेच्या हातात दिले. सूनबाईचा अंगठा मोज्याच्या तोंडाशी गेला. आत घालून पाहावे असे तिच्या मनात आले होते, हे मला स्पष्ट दिसले. मग तिने सासूच्या चेहऱ्याकडे पाहिले. कितीतरी महिन्यांनी ती म्हातारी कौतुकाची वाट पाहत उभी होती. सूनबाईने अंगठा काढून घेतला.

"छान झालेत, आई," ती म्हणाली आणि मोजे बाळाच्या पायात घातले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ रडू लागले. दूध घेईना, झोपेना. पोटात कळ येत असेल म्हणून थोरलीने कापड गरम करून पोट शेकले. बाळ थोडा वेळ गप्प झाले आणि पुन्हा किंचाळू लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई अंघोळीचे पाणी काढायला निघाली, तर थोरलीने तिला अडवले. "एवढ्या थंडीत नको. नुसतं तोंड पूस. पाय उघडे टाकू नकोस, गारठा पायातून शिरतो." सूनबाईने ऐकले. मोजे पायातच राहिले.

दुपारपर्यंत बाळाचा आवाज बसला. तेव्हा सगळे दवाखान्यात धावले. मीही गेले, कारण थोरलीच्या पिशवीत बाळाची अर्धी विणलेली टोपी होती आणि मी तिच्यात अडकलेली होते. दवाखान्यातल्या नर्सने काही न विचारता बाळाचे सगळे कपडे उतरवले. डावा मोजा काढताना ती थांबली. मग तिने कात्री मागवली.

मोज्यातले टोक सुटले होते. त्याच्या केसाळ तंतूंचा एक फेरा बाळाच्या पायाच्या करंगळीला बसला होता. बाळ पाय झाडत गेले तसा तो आवळत गेला. बोट सुजून काळे पडले होते.

"कोणी घातले हे मोजे?" नर्सने विचारले.

"मी," सूनबाई म्हणाली.

डॉक्टरांनी तंतू कापले, औषधे दिली, वाट पाहिली. बोट वाचले नाही.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर थोरलीने मला टोपीतून उपसून काढले. मित्रांनो, आमचे सगळे काम आकड्यात अडकलेल्या शेवटच्या एका उघड्या फाशावर उभे असते. मी निघाले आणि तिने लोकर ओढली. टोपी सरसर उसवत गेली आणि तिच्या पायाशी नुसता गुंता उरला. त्यानंतर तिने लोकरीला हात लावला नाही.

तिला कोणी दोष दिला नाही. कोणी ओरडले असते तर बरे झाले असते, असे मला वाटायचे. सूनबाई तिला वेळेवर जेवायला वाढायची, औषध द्यायची. पण बाळाला एकटे तिच्याजवळ ठेवायची नाही. बाळ आजीच्या मांडीवर असले की सूनबाई त्याच खोलीत काही ना काही काम काढायची. थोरलीला ते समजायचे. ती नातीला लगेच परत द्यायची. पुढे पुढे तिने तिला घेणेच सोडले. मुलगी चालू लागली, धावू लागली, आणि आजी भिंतीकडे तोंड करून बसू लागली.

आणि माझे काय झाले? माझा आकडा मोरीच्या जाळीत अडकलेले केस काढायला बरा पडतो, हे मुलाच्या लक्षात आले. जिने बाळांच्या टोप्या विणल्या ती मी मोरीतली घाण उपसू लागले. एकदा जाळी निघेना म्हणून त्याने मला तिच्याखाली घालून जोर लावला. तेव्हा मी वाकले. माझा तोरा कुठल्या कुठे गेला.

काही वर्षांनी थोरलीने अंथरूण धरले. तोवर तिला उजेड-अंधार एवढाच फरक कळायचा. तिचे पाय सारखे गार पडायचे, पण लोकरीचे काही घालू द्यायची नाही. एके दिवशी सूनबाईने मला मोरीतून उचलले आणि गरम पाण्यात साबण टाकून घासघासून धुतले. मग ती मोबाईलवर बघून बघून सपाता विणू लागली. हात अगदी कच्चा होता. टाके इतके घट्ट की त्यांत शिरताना माझा जीव मेटाकुटीला यायचा. दोनदा उसवून तिसऱ्यांदा सपाता झाल्या.

दुपारी ती त्या घेऊन सासूच्या उशाशी बसली. "आई, तुमच्यासाठी केल्यात. आधी हात घालून बघा."

थोरलीने सपात चाचपडत हातात घेतली. मग तिने सपातेत हात घातला. तिची बोटे हळूहळू पुढे सरकली आणि बोटांकडच्या चुण्यांपाशी थांबली.

"इथं टोक राहिलंय," ती म्हणाली.

सूनबाईने पाहिले. खरेच राहिले होते.

"तेव्हा मला दिसत नव्हतं गं," थोरली म्हणाली. "कुणाला सांगितलं नाही मी. सांगितलं असतं तर हातातलं काम काढून घेतलं असतं तुम्ही."

"मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुम्हाला दिसत नाही ते. रोज दुकानात तेच बघते मी, आई. ते मोजे तुम्ही दिलेत, तेव्हा आत बोट घालून बघणार होते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही घातलं."

थोरलीने डोळे मिटले.

"वाटलं असतं वाईट," ती म्हणाली. "वाटू द्यायचं होतंस."

सूनबाई रडली. थोरलीने तिला रडू दिले. मग सूनबाईने जुना डबा उघडून जाड सुई काढली, तेच टोक तिच्यात ओवले आणि सुई सासूच्या हातात दिली. सासूचे बोट धरून त्या टोकावर ठेवले. जे काम थोरलीने जन्मभर बहिणीच्या मांडीवर टाकले होते, ते तिने त्या दुपारी आंधळ्या डोळ्यांनी केले. चुकत, बोटाला टोचून घेत, पुन्हा पुन्हा चाचपत ते टोक आत लपवले. मी शेजारी पडून पाहत होते. त्या जाड्या सुईला मी पुन्हा कधी नाक मुरडले नाही.

थोरली तो हिवाळा काढू शकली नाही. ती गेल्यावर सूनबाईने तिच्या पायांतल्या सपाता काढल्या, उलट्या केल्या आणि आत बोट घालून पुन्हा एकदा चाचपल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे लहान बाळ असेल आणि त्याच्यासाठी कोणी मायेने मोजे विणले असतील, तर ते घालण्यापूर्वी उलटे करून पाहा. बाळ रडत राहिले तर त्याच्या पायांची बोटे पाहा. आणि घरातल्या कोणाला नीट दिसत नाही असे तुमच्या ध्यानात आले, तर तोंडावर विचारा. ते माणूस रागावेल, तुमचा अपमान करील. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.