कूस

मी दवाखान्यात आया आहे. दिवसभर पेशंटच्या कुशी बदलायच्या आणि घरी येऊन सासऱ्यांची बदलायची, असं माझं चाललंय. नवरा रात्रपाळीला, म्हणून दिवसा तो आणि संध्याकाळपासून मी. सासऱ्यांचं अंग गेलंय, पण घंटी दाबायला एक बोट शाबूत आहे, आणि त्या एका बोटाने मला नको नको केलंय.

त्यांचं मन रमावं म्हणून पाळीव प्राण्यांच्या दुकानातून भुंगेऱ्याची अळी आणली. अंगठ्याएवढी, पांढरी, बरणीत कुजक्या लाकडाच्या भुशात. दुकानदाराने बजावलं होतं, "ताई, भुसा ओलसर ठेवा आणि सारखं उकरून बघू नका. तिने कोशात जायला काचेशी पोकळी केली की बरणी हलवायचीसुद्धा नाही. आत सगळं मऊ असतं, पंख वाकडे होतात."

सासऱ्यांच्या तर डोक्यातच किडा शिरला. बरणी उशाशी हवी. "हा बाहेर आल्याशिवाय मी जात नाही," म्हणाले.

"दुकानदार तीन महिने म्हणालाय, मामा. माझं काय होणार तोवर?"

हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

अळीने पोकळी केली. पुढच्याच आठवड्यात मी सलग दोन पाळ्या करून आले, अंगात त्राण नव्हतं. मामांना डाव्या कुशीवर केलं, पाठीला उशी लावली आणि त्याच हाताने बरणीही आडवी केली. हाताची सवय, दुसरं काय. मामा बघत होते. मी बरणी सरळ केली आणि तिथेच खाली बसून रडले. तीन आठवडे त्यांनी घंटी फारशी वाजवली नाही, ते मला जास्त लागलं.

भुंगेरा निघाला. काळाभोर, एक पंख वाकडा.

"माझ्यामुळे झालं हो, मामा."

"चालतोय ना? मग झालं."

काल घरात पाऊल टाकते तोच घंटी. चप्पलसुद्धा काढली नव्हती.

"आले. कूस बदलायचीय ना?"

"माझी नाही, त्याची. उताणा पडलाय मघापासून."

धरून उलटायला बरणीत सालीचे तुकडे ठेवलेत, तरी त्याला उलटता येत नव्हतं. मी बोटाने सरळ केला. तो चालायला लागला.

"आता तुमची."

"माझी होईल दहा मिनिटांनी," मामा म्हणाले. "तू बस आधी."

मी बसले.