कोऱ्या बाजूची पानं

बुधवारी दुपारी जयप्रकाश मंत्रवादींचा ड्रायव्हर मस्कतमध्ये रुवीतल्या आमच्या फ्लॅटवर पुस्तिकांचा गठ्ठा ठेवून गेला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर बाबांचा सूट घातलेला फोटो, खाली सोनेरी अक्षरांत ‘उद्योगातून उद्धार : अमेरिकेच्या उभारणीची कथा’. लेखक, कै. धनंजय देवस्थळी. बाबांनी आयुष्यात या मथळ्याचं काही लिहिलं असतं तर ते आधी स्वतःच हसले असते.

मी उभ्या उभ्या पहिली चार पानं वाचली आणि खाली बसले. अँड्र्यू जॅक्सन हा सामान्य माणसाचा पहिला राष्ट्राध्यक्ष होता. चेरोकी आदिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे हलवणं हे त्यांच्याच भल्यासाठी होतं. लोवेल गावातल्या कापडगिरणीच्या मालकांनी शेतकऱ्यांच्या मुलींना काम दिलं, राहायला स्वच्छ वसतिगृहं दिली, वाचनालय आणि व्याख्यानं दिली, रात्री दहाला दारं बंद केली, रविवारी चर्च सक्तीचं केलं आणि अशा रीतीने मजूर वर्गाला नीतिमान बनवलं. सगळं याच चालीवर. मजकूर बाबांचाच होता, वाक्यं मला ओळखू येत होती. फक्त ते त्यांचं मत नव्हतं.

बाबांनी मस्कतच्या एका भारतीय शाळेत सव्वीस वर्षं इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर अमेरिकन शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या, आणि त्यासाठी अमेरिकेच्या एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धाबद्दल मराठीत टिपणं काढली. मराठीत का, असं विचारल्यावर म्हणाले होते की विचार मराठीत केला की खोटं लवकर सापडतं. ते गेल्यावर महिन्याभराने जयप्रकाशकाकांनी त्या सहा वह्या मागितल्या, सरांच्या नावाने काहीतरी करायचंय म्हणून. मी त्या न उघडता देऊन टाकल्या. तेव्हा मला त्यांचं अक्षर बघायचं नव्हतं.

जयप्रकाशकाका बांधकामांवर माणसं पुरवतात. त्यांना इतिहास आवडतो, म्हणजे ज्याला हार घालता येतो असा कुठलाही इतिहास आवडतो. मस्कतबाहेर बरक्याला त्यांचा कामगारांचा कँप आहे, त्याला त्यांनी ‘आदर्श निवास’ असं नाव दिलंय. तिथे दारूबंदी आहे, गुरुवारी भजन आहे, पुस्तकांचं एक कपाट आहे आणि दहा वाजता गेट बंद होतं. एकदा जेवताना बाबांनी त्यांना लोवेलबद्दल सांगितलं होतं. काका खूश झाले. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत जे मोठमोठ्या लोकांनी केलं तेच मी करतोय, असं त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, हो, अगदी तेच. ही स्तुती नव्हती हे त्या टेबलावर फक्त मला कळलं होतं.

त्याच दुपारी मी काकांच्या ऑफिसात गेले. टाइप करणारी प्रियांका सावंतवाडीची, हुशार आणि स्वभावाने नेटकी. तिने वह्या टेबलावर ठेवल्या आणि काय झालं ते माझ्या लक्षात आलं. बाबा शाळेतल्या उरलेल्या प्रॅक्टिकलच्या वह्या वापरायचे, एका बाजूला रेघी पान, समोर कोरं. रेघी पानावर सत्तेत असलेल्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत उतरवायचं आणि समोरच्या कोऱ्या पानावर आपला जबाब लिहायचा, ही त्यांची शिकवायची पद्धत. त्यांच्या वर्गातल्या कुठल्याही मुलाला विचारा, रेघी पान परीक्षेत लिहिलं तर शून्य मिळायचं.

प्रियांका त्यांच्या वर्गात नव्हती. ती सायन्सची.

“ताई, कोरं पान आकृत्यांसाठी असतं ना,” ती म्हणाली. “त्यावर पेन्सिलने बारीक लिहिलेलं होतं. मला वाटलं सरांचं रफ आहे. मी सगळी रेघी पानं घेतली, एकही सोडलं नाही.”

तिच्यावर रागवण्यासारखं काही नव्हतं. रेघी पानं ज्यांनी वाचून पसंत केली, प्रस्तावना लिहिली आणि सोनेरी शाई निवडली, त्यांना त्यात काहीच खटकलं नव्हतं.

जयप्रकाशकाका केबिनमध्ये होते. त्यांनी चहा मागवला. मी सांगितलं की पुस्तिका वाटता येणार नाही, बाबांचं म्हणणं याच्या बरोबर उलट आहे. ते म्हणाले, तीनशे प्रती छापून झाल्यात, शुक्रवारी सकाळी हॉल बुक आहे, दोन बँकांचे मॅनेजर यायचेत. मग मी लोवेलच्या समोरचं कोरं पान उघडून त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं.

“सर असं गमतीत लिहायचे,” ते म्हणाले.

“ते गमतीत लिहीत नसत, काका.”

“अश्लेषा, सरांचा व्हिसा शेवटची पाच वर्षं माझ्या कंपनीवर होता. बॉडी पुण्याला न्यायचे कागद एका दिवसात कोणी केले? मी बोलून दाखवत नाही. पण जो माणूस हे लिहीत बसला, तो माझ्या सहीवर इथे राहत होता.”

बोलून दाखवत नाही म्हणत त्यांनी सगळंच बोलून दाखवलं, आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. बाबांना हे माहीत होतं. म्हणून तर त्यांनी पेन्सिलने लिहिलं आणि जेवणाच्या टेबलावर ‘अगदी तेच’ एवढ्यावर भागवलं. मला त्या क्षणी बाबांचाही थोडा राग आला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

काका पुढे म्हणाले, शुक्रवारी तू दोन शब्द बोल. छान बोल. काय बोलणार ते आधी प्रियांकाला पाठवून ठेव, मी नजर टाकीन. मी वह्या पिशवीत घातल्या आणि निघाले. पाठवलं काहीच नाही.

शुक्रवारी हॉल भरलेला दिसावा म्हणून बरक्याहून दोन बस भरून माणसं आणली होती. आठवड्याची त्यांची एकच सुट्टी. कंपनीचं नाव छापलेले निळे शर्ट, ओले भांग, पाठीमागच्या आठ रांगा. पुढे बँकेचे मॅनेजर, काकांच्या पत्नी शीलाकाकू, काही पालक. प्रत्येकाच्या मांडीवर पुस्तिका. काकांनी अर्धा तास भाषण केलं. त्यात बाबा दोनदा आले, ‘आदर्श निवास’ सात वेळा. बाबांना त्यांनी ‘माझे वैचारिक गुरू’ म्हटलं. शीलाकाकूंनी डोळ्यांना रुमाल लावला, मग घड्याळ बघितलं.

माझी पाळी आली. मी म्हणाले की पुस्तिकेतला मजकूर बाबांनी उतरवून घेतलेला आहे, तो गिरणीमालकांचा आणि सत्ताधाऱ्यांचा. बाबांचा स्वतःचा मजकूर समोरच्या पानांवर आहे आणि तो छापायचा राहिलाय. त्यातलं एक पान वाचते. काकांनी खुर्चीतून हात वर केला. मी त्यांच्याकडे न बघता वाचलं.

“‘लोवेलच्या मुली स्वतंत्र होत्या, गुलाम नव्हत्या, असं मालक अभिमानाने सांगत. ज्या कापसावर त्या काम करत तो दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला होता, हे ते सांगत नसत. मुलीला गिरणी सोडायची तर एक वर्ष काम पूर्ण झालेलं हवं, दोन आठवडे आधी सांगितलेलं हवं, आणि मगच मालक चांगल्या वर्तणुकीचा कागद देणार. तो कागद नसेल तर गावातल्या दुसऱ्या कुठल्याच गिरणीत काम नाही. नावं या गिरणीतून त्या गिरणीत कळवली जात. वाचनालय होतं, व्याख्यानं होती, खिडक्यांना पडदे होते. पाहुणे पडदे बघून जात.’”

पुढच्या रांगांत काहींनी सभ्यपणे पुस्तिकेत ते पान शोधलं. मागून, निळ्या शर्टांतून, एक खणखणीत आवाज आला.

“ह्यां तर आपलां एनओसीच झालां!”

आधी एक रांग हसली, मग आठही. तेव्हा इथे मालकाने ना-हरकत पत्र दिलं नाही तर दुसरीकडे नोकरी धरता येत नसे. देश सोडायचा, आणि दोन वर्षं परत यायला बंदी. हे मागच्या आठ रांगांना कुणी समजावून सांगायला नको होतं. बँकेच्या एका मॅनेजरने शेजारच्याला काहीतरी विचारलं, शेजारचा छताकडे बघू लागला.

मी आणखी एक पान वाचणार होते, पण जयप्रकाशकाका माइकपाशी आले होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, कपाळ मात्र घामाने चमकत होतं. देवस्थळी सरांची विनोदबुद्धी अफाट होती, असं त्यांनी सांगितलं. पुढे म्हणाले की पुस्तिकेत छपाईच्या काही गंभीर चुका राहिल्याचं नुकतंच ध्यानात आलंय, तरी सर्वांनी आपापली प्रत जाताना दारात परत करावी. बुधवारी मी हेच मागत होते. तेव्हा ते शक्य नव्हतं.

दारात प्रियांका रिकामं खोकं घेऊन उभी राहिली. मी तिच्या शेजारी थांबले. लोक प्रती टाकत होते, मला नमस्कार करत होते. मॅनेजर दुसऱ्या दाराने गेले. शीलाकाकू माझ्याजवळून गेल्या आणि आमच्या मागच्या भिंतीला उद्देशून म्हणाल्या, उपकाराची जाण असावी लागते माणसाला.

बाहेर बसच्या सुपरवायझरचं ‘यल्ला, यल्ला’ म्हणत घाई करणं सुरू झालं होतं. निळ्या शर्टांतला पन्नाशीचा एक माणूस रांग सोडून माझ्यापाशी आला. तो दयानंद, प्लंबर, देवगडजवळचा. मघाचा आवाज त्याचाच होता. म्हणाला, सर शुक्रवारी कँपवर यायचे, आमचे अर्ज लिहून द्यायचे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाबांनीही नाही.

“मगे त्या पोरींचां काय झालां?” त्याने विचारलं.

मी सांगितलं की मजुरी कापली म्हणून त्या अठराशे चौतीस साली काम सोडून बाहेर पडल्या आणि काही दिवसांत हरल्या. छत्तीस साली राहण्याचे पैसे वाढवले तेव्हा परत बाहेर पडल्या. त्या वेळी पुष्कळ टिकल्या आणि काही गिरण्यांना माघार घ्यावी लागली.

“म्हणजे मधी दोन वर्सां गेली.”

“हो.”

“सरांनी ह्यां लिवलेलां आसा?”

“आहे. कोऱ्या पानावर.”

त्याने मान हलवली. हातातल्या पुस्तिकेवरचा बाबांचा फोटो बघितला, मुखपृष्ठ अलगद फाडून घेतलं, चौघडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि उरलेली पुस्तिका खोक्यात टाकली.