डोंग्यातलं पाणी

आशाबाईची सून दिव्यानी हिला फुलांचं भारी वेड. पोरी माहेराहून भांडीकुंडी आणतात, हिनं मोगऱ्याची कलमं आणली. उन्हाळ्यात विहिरीनं तळ दाखवला आणि बिचारीची अर्धी बाग होरपळली. तेव्हापासून तिनं एकच ध्यास घेतला होता, छपराच्या कवेलूंवरून वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवायचं. तेही प्लास्टिकच्या ड्रमात नाही. बायका जुन्यापान्या वस्तू रंगवून त्यांत पाणी कसं साठवतात, ते ती मोबाईलवर सासूला दाखवत बसायची.

"आई, आपला डोंगा पडूनच हाय ना अंगणात?" एक दिवस ती म्हणाली. "त्यालेच पन्हाळीखाली ठेवला तं? तोटी बसवू, रंगवू. कसा झकास दिसन!"

आशाबाईनं डोंग्याकडे पाहिलं. डोंगा नथ्थूचा होता, तिच्या नवऱ्याचा. एकाच खोडातून कोरलेली होडी, बापाच्या वेळची. चुकून पाय लागला तर या मासेमार ढिवराच्या घरात डोंग्याच्या पाया पडत. त्याला भोक पाडणं तर कोणाच्या मनातही आलं नसतं. दिव्यानीच्या माहेरी धानाची शेती, तिला यातलं काय कळणार? गेल्या वर्षी नथ्थूला लकवा मारून गेला, डावी बाजू लुळी पडली, आणि डोंगा अंगणात पालथा झाला तो झालाच.

नथ्थूनं मात्र हाय खाल्ली नव्हती. रोज सकाळी काठी टेकत तलावाच्या पाळीपर्यंत जायचा. लुळ्या हातात ओली चिंधी धरून पिळायचा. "कार्तिकात डोंगा घालतो पाण्यात," असं ज्याला त्याला सांगायचा. लोक हसत नसत, मान डोलवत, ते आशाबाईला जास्त लागायचं. एकदा तिनं त्याला चोरून पाहिलं होतं. डोंग्याला दोर बांधून गडी एका हातानं ओढत होता. डोंगा तसूभरही हलला नव्हता, पण त्याचं तोंड असं फुललं होतं, जसा अर्धा तलाव पार केला. ती आल्या पावली मागे फिरली. आज नाही हलला, उद्या हलेल. एका हाताचा माणूस मधल्या पाण्यात उलटला तर त्याला काढणार कोण?

"घे डोंगा," ती सुनेला म्हणाली. "पण ते रीताकडे जातीन तवा."

"हो, मंग आल्यावर एकदम दाखवू बाबाले!" दिव्यानी खूश झाली.

नथ्थू औषधासाठी गडचांदूरला लेकीकडे, रीताकडे गेला, आणि गावचा सुतार हरिदास वाढई गिरमिट घेऊन आला. डोंग्यापाशी बसला आणि थबकला.

"बाई, भाऊले इचारलं ना?"

"त्यायनंच सांगतलं," आशाबाई म्हणाली. उभ्या जन्मात ती इतकं धडधडीत खोटं बोलली नव्हती. गिरमिट फिरू लागलं तशी ती चुलीपाशी जाऊन बसली. तिथंही तो आवाज आलाच.

काम मात्र देखणं झालं, नाही कशाला म्हणा. विटा रचून डोंगा पन्हाळीखाली बसवला. बाहेरून गेरू, त्यावर चुन्याच्या वेली. पाचोळा पडू नये म्हणून वर नथ्थूचंच जुनं जाळं ताणलं. तळाशी पितळेची तोटी, भोवती नदीतले गोटे. शेजारपाजारच्या बाया बघून जाऊ लागल्या.

नथ्थू परत आला. काठी टेकत डोंग्याभोवती फिरला. वाकला, तोटी जिथं बसली होती तिथं बोट फिरवलं.

"कोनं सांगतलं?"

"मी," आशाबाई म्हणाली.

त्यानं ओरडावं, काठी उगारावी, असं तिला फार वाटलं. सालनात मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेणारा माणूस तो. तो नुसता "बरा हाय" म्हणाला आणि खाटेवर जाऊन पडला.

दुसऱ्या दिवशी तो पाळीवर गेला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आशाबाईनं चिंधी भिजवून हातात दिली, ती तशीच राहिली आणि अंथरूण ओलं झालं. पोरगा प्रणित ओरडला, डॉक्टरनं ताकीद दिली, नथ्थू सगळ्यांना हो म्हणाला. जेवण मात्र दोन घासांवर आलं.

श्रावणात झड लागली. दिव्यानी भिजत अंगणातून ओरडली, "आई, काठोकाठ भरला!" मोगऱ्याला कळ्या धरल्या होत्या, पोरीचा आनंद ओसंडत होता. आशाबाईलाही वाटलं, एवढं तरी दाखवावं.

"उठा ना," ती खाटेशी जाऊन म्हणाली. "पाहून तं घ्या. डोंगा काठोकाठ भरला."

नथ्थू भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिकडेच पाहत बोलला.

"डोंगा भरला म्हंजे डुबला, प्रणितची माय. तुले का मालूम नाई?"

ती खाटेच्या कडेला बसली. तलावात जे होईल म्हणून ती धास्तावली होती, ते तिनं आपल्या अंगणात, आपल्या तोंडानं सांगून करवून घेतलं होतं. तिनं त्याचा उजवा, धडधाकट हात हातात घेतला. त्यानं तो काढून घेतला नाही. धरलाही नाही.