डोंगरातली तिसरी बाजू

लोंढ्याच्या अलीकडं एका डोंगराला बुजवलेलं भोक आहे. गोऱ्या सायबाच्या राज्यात पाटाचं पाणी तिथनं पलीकडं न्यायचं ठरलं होतं. पटलं नाही तर सोडून द्या, पण मधेच हसू नका.

माथा सगळा कड्यांचा. निशाणं लावून दिशा धरता आली, पण साखळी टाकून अंतर मोजता येईना. मग मोजणीदार मारुतीरावांनी पायथ्याला दुर्बीण रोवली. तिथून बोगद्याचं एक तोंड पाचशे फूट, दुसरं तीनशे, मधला कोन एकशेवीस अंशांचा. दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन हाती असला की तिसरी बाजू गणितानं निघते. मारुतीरावांनी काढली: चारशे छत्तीस फूट.

अलीकडनं भरमा खणू लागला, पलीकडनं त्याचा धाकटा भाऊ मष्णू. दोन्हीकडचं मिळून चारशे छत्तीस फूट झालं, तरी समोर दगडच. आणि त्या दगडातनं आवाज. ठक... ठक...

"मष्णू हाय त्यो! मधलं छत बसलंय. आत गाडलाय माझा भाऊ!" भरमा याड लागल्यागत पहार मारू लागला.

मारुतीरावांनी खडूनं कातळावरच हिशेब पुन्हा मांडला. दोन्ही बाजूंच्या वर्गांची बेरीज केली. त्यातून दोन्हींच्या गुणाकाराची दुप्पट, गुणिले कोनाची कोसाइन, वजा करायची. तिथं त्यांचा हात थांबला.

"भरमा, तक्त्यात नव्वद अंशांपर्यंतचेच आकडे. म्हणून एकशेऐंशीतून एकशेवीस वजा करून मी साठाचा घेतला. पण कोन काटकोनाहून मोठा, त्याची कोसाइन उणे. वजा केलं, तिथं मिळवायचं होतं रे! बोगदा सातशे फुटांचा होतोय. पायथ्यानं वळसा घेतला तरी आठशेच."

"आवं, माझा भाऊ मरतोय आन् तुमी आकडं सांगताय?"

"तेच सांगतोय. तुझ्या भावापर्यंत अजून दोनशे चौसष्ट फूट कातळ आहे. एवढ्यातनं त्याचा ठोका ऐकू येणार नाही."

"मग ह्ये कोन ठोकतंय?"

तेवढ्यात पाठीमागनं कंदील आला. मष्णूच! डोंगराला वळसा घालून धापा टाकत आलेला.

"अण्णा, सकाळपासनं काय ठोकतोयस रं? आमची मानसं भिऊन पळाली."

भरमाची पहार तर खाली पडली होती. कातळात पुन्हा ठक झालं.

"पोकळी असंल," मारुतीराव पुटपुटले. "एक घाव घालून बघ."

भरमानं घातला. लोण्यात शिरावी तशी पहार हातभर आत गेली. त्यानं ती मागं ओढली, तर पलीकडनं कुणीतरी ओढून घेतली. सावकाश, अजिबात घाई न करता.

बाहेर पळण्यात मारुतीरावांचा नंबर पहिला. पाट वळशानंच न्यायचा, असं त्यांनी पळता पळताच ठरवलं.

दोघा भावांनी तोंड बुजवायला घेतलं. दगडावर दगड चढत गेला. दम खायला भरमा थांबला, मष्णूही थांबला. दगड रचल्याचा आवाज मात्र थांबला नाही. आतल्या अंगानंही कुणीतरी भिंत घालत होतं.